34 फुटी मोटरहोम विकून गाडीमागे ओढायचा 17 फुटी फायबरग्लासचा कॅम्पर घेतला, त्याचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते. दोघंच फिरणार असाल आणि रोज रात्री अंथरूण घालायचा कंटाळा नसेल तर डोळे झाकून घ्या. भारतातून सासूसासरे येऊन महिनोन् महिने राहत असतील आणि त्यांनाही सोबत न्यायचं असेल, तर मोठी गाडीच ठेवा, उगाच कुणाचं बघून छोटी घेऊ नका. आता सविस्तर, चहा घेऊन बसा.

आम्ही डॅलसच्या जवळ राहतो. मुलं कॉलेजला गेली आणि 2021 मध्ये, म्हणजे कोविडमुळे सगळी अमेरिकाच आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) घ्यायला धावत होती तेव्हा, आम्हीही 34 फुटी क्लास ए, म्हणजे बसच्या आकाराची मोटरहोम, घेतली. बससारखं तोंड, दोन स्लाइड-आउट (गाडी उभी केली की बाहेर सरकणारे भाग), दोन एसी, क्वीन बेड, वेगळी शॉवर, मायक्रोवेव्ह, सगळं. 26,000 पौंडांच्या आत असल्यामुळे साध्या लायसनवर चालवता येते, हे ऐकून पुण्याचे नातेवाईक अजूनही विश्वास ठेवत नाहीत. चालवायचे मीच, नवऱ्याला आरशात मागची बाजू दिसली की घाम फुटतो. गाडी छान होती हो, खोटं कशाला बोलू. सासूबाई तर तिला फिरता वाडाच म्हणायच्या आणि आत शिरल्या की चपला बाहेर काढून ठेवायला लावायच्या.

पण वाडा म्हटला की वाड्याची दुरुस्ती आलीच. अशा गाड्यांचं छप्पर म्हणजे वरून ताणून बसवलेला रबराचा पडदा, त्यात एसी, व्हेंट, अँटेना यांची भोकं आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट. ते उन्हाने तडकतं, टेक्ससच्या उन्हाने तर फारच, आणि पाणी एकदा आत गेलं की भिंतीतलं लाकूड कुजायला लागतं आणि बाहेरून कळतही नाही. त्यामुळे शिडी लावून डायकॉर सीलंटची ट्यूब घेऊन वर चढणं हे ठरलेलं काम. सहा टायर, नक्षी दिसायला नवी कोरी, पण साइडवॉलवर डीओटीचे, म्हणजे टायर कधी बनला त्याचे, चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते सहा-सात वर्षांपूर्वीचे निघाले की बदलायचे, नाहीतर हायवेवर फुटतील. एका उन्हाळ्यात स्लाइडची मोटर गेली आणि एका सर्व्हिस सेंटरवाल्याने पार्ट येतोय, पार्ट येतोय करत जवळजवळ सगळा सीझन गाडी अंगणात उभी करून ठेवली (त्याच्या अंगणात, आमच्याकडे एचओए, म्हणजे सोसायटी, ड्राइव्हवेवर आरव्ही ठेवू देत नाही). स्टोरेजचं भाडं चालूच. आणि पेट्रोल! गॅलनला सात-आठ मैल, टाकी 80 गॅलनची, तीन डॉलरने धरलं तरी एकदा भरली की 240 गेले.

हे सगळं मी सहन केलं असतं. मला खरं खटकायचं ते वेगळंच, की गाडी जिथे मावेल तिथेच आम्ही जायचो. नॅशनल पार्कमधले कॅम्पग्राउंड बहुतेक जुन्या काळचे, तेव्हा एवढी धूड कोण घेऊन येत होतं. योसेमिटीच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडला आरव्हीची मर्यादा 35 फूट, म्हणजे आम्ही कसेबसे बसणार. झायनच्या बोगद्यात, तो 1930 चा आहे, आमच्या रुंदी-उंचीसाठी समोरची वाहतूक थांबवावी लागायची आणि त्याचे 15 डॉलर वेगळे. शेवटी काय व्हायचं, गावाबाहेरच्या एखाद्या आरव्ही पार्कात फुल हुकअप (वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी) घेऊन काँक्रीटवर उभं राहायचं, शेजारच्याचा टीव्ही ऐकायचा आणि मागे बांधून आणलेली सीआर-व्ही कार सोडवून पार्क बघायला तास-दीड तास ड्राइव्ह करायचा. मग त्यापेक्षा हॉटेल काय वाईट?

विकायला काढली तेव्हा बाजार बसला होता. 2021 मध्ये अमेरिकेत सहा लाखांवर आरव्ही कारखान्यांतून निघाल्या, तो विक्रमच होता, आणि 2023 मध्ये तो आकडा जेमतेम सव्वातीन लाखांच्या आत. डीलरने सांगितलेली किंमत ऐकून नवरा दोन दिवस जेवताना बोलला नाही. शेवटी एका रिटायर्ड जोडप्याला घरूनच विकली, डीलरपेक्षा बरे पैसे आले, एवढंच म्हणते.

आता नवीन कॅम्पर. नवीन म्हणजे सेकंडहँड, 17 फूट, आणि ही लांबी पुढचा हिचचा (गाडीला जोडायचा) दांडा धरून, आतली जागा त्याहून कमी. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण स्कॅम्पवाले आणि कसीटावाले एकमेकांत फार भांडतात आणि मला त्यात पडायचं नाही. एक मिनेसोटात बनतो, दुसरा टेक्ससमध्ये, जात एकच. या जातीचा मूळपुरुष म्हणजे कॅनडातला बोलर, 1968 च्या सुमाराचा, विनिपेगच्या रे ओलेकोने काढलेला, आणि त्याला ही कल्पना सुचली ती फायबरग्लासच्या सेप्टिक टँकच्या कामातून. नवऱ्याला हे कळल्यापासून तो आमच्या गाडीबद्दल जे विनोद करतो ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण गोष्ट पटण्यासारखी आहे, कारण वरचा अर्धा आणि खालचा अर्धा साच्यातून काढून कमरेपाशी जोडतात, म्हणजे छताला कोपऱ्यात जोडच नाही. छतावर व्हेंट आणि एसीची भोकं आहेत, खिडक्यांची रबरं आहेत, तिथे लक्ष ठेवायचंच, पण ते अर्ध्या तासाचं काम आहे.

ओढायला सीआर-व्ही चालत नाही, तिची क्षमता 1,500 पौंडच. आम्ही व्ही-सिक्स हायलँडर घेतली, ती 5,000 पौंडांची, आणि आमचा कॅम्पर पाणी, गॅस, डाळ-तांदूळ सगळं धरून 3,000 च्या आसपास, तेव्हा भरपूर जागा राहते. ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा) बसवून घ्या, कंजूसपणा करू नका. वजन भरताना पुढे जास्त ठेवा, दांड्यावर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के आलं पाहिजे, नाहीतर मागून शेपूट हलायला लागते आणि त्यावेळी देव आठवतो. मायलेज 13-14, वेस्ट टेक्ससमध्ये समोरून वारा असला की आणखी खाली. आय-10 वर स्पीड लिमिट 80 असली तरी आम्ही 62-63 ने उजव्या लेनमधून जातो, कारण ट्रेलरचे बरेच टायर 65 पर्यंतचेच असतात. ट्रकवाले ओव्हरटेक करताना बघतात, बघू देत.

रिव्हर्स घेणं मात्र मोठ्या गाडीपेक्षा अवघड, हे कुणी सांगत नाही. छोटा ट्रेलर स्टिअरिंग जरा हललं की लगेच वळतो, सावरायला वेळच देत नाही. पण अगदीच नाही जमलं तर हिच काढून दोघांनी ढकलून जागेवर बसवता येतो, आणि आम्ही तसं केलंय, शेजारच्या साइटवरचा एक आजोबा टाळ्या वाजवत होता.

खरी परीक्षा झाली टेक्ससच्या बिग बेंड नॅशनल पार्कला. तिथे चिसोस बेसिनचा जो कॅम्पग्राउंड आहे, डोंगरांच्या मधल्या वाटीत, 5,400 फुटांवर, तिथे जाणाऱ्या रस्त्याला आखूड वळणं आहेत आणि काही ठिकाणी 15 टक्के चढ, म्हणून पार्कवालेच सांगतात की 24 फुटांच्या वरची आरव्ही आणि 20 फुटांच्या वरचा ट्रेलर वर आणू नका. मोठी गाडी होती तेव्हा आम्ही खाली रिओ ग्रँडच्या काठी हुकअपवर राहिलो होतो, चाळीस फुटी बसेसच्या रांगेत, आणि बेसिनला फक्त दुपारी जाऊन आलो. या वेळी कॅम्पर घेऊन वर गेलो. हायलँडर दुसऱ्या गिअरवर कुरकुरत चढली पण चढली. वर वीज नाही, नळाचं कनेक्शन नाही, साइट एवढीशी, आणि आम्ही त्यात बसलो! सकाळी बाहेर खुर्ची टाकून पोहे खाताना समोर कासा ग्रँडेचा कडा, आणि ट्रेलची सुरुवात चालत जाण्याच्या अंतरावर. पैसे तिथेच वसूल झाले असं मी म्हणेन.

सगळीकडे असं होतं असं मात्र समजू नका. ग्लेशिअर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या घाटात 21 फुटांची मर्यादा आहे आणि ती गाडी आणि ट्रेलर मिळून, म्हणजे आम्ही तिथे अजूनही बसत नाही. कॅम्पर साइटवर ठेवून नुसती गाडी घेऊन जायचं. ते सीआर-व्हीसारखंच झालं, फरक एवढाच की साइट पार्कच्या आत मिळते.

आता आतलं. इथे मी जरा कडक लिहिणार आहे, कारण यूट्यूबवर सगळे फेअरी लाइट्स लावून व्हिडिओ करतात.

बेड. जेवायचं टेबल खाली पाडायचं, त्यावर गाद्या जुळवायच्या, तो बेड. रुंदी 54 इंच, क्वीनपेक्षा चांगली सहा इंच कमी. रोज रात्री घाला, रोज सकाळी काढा, आळस केलात तर चहा प्यायला बसायला जागा नाही. आणि भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं असेल तर दुसऱ्याच्या अंगावरून जायचं. साठीच्या आसपास पोचलेल्या दोन माणसांनी भिंतीकडे कुणी झोपायचं हे लग्नाच्या वेळीच ठरवून घ्यायला हवं होतं. आम्ही आता चार इंची फोम वेगळा कापून घेतलाय, मूळच्या गादीने कंबर धरते.

बाथरूम. शॉवर आणि टॉयलेट एकाच कपाटात, म्हणजे कमोडशेजारीच उभं राहून अंघोळ. टॉयलेट पेपर झिपलॉकमध्ये ठेवायचा, दाराची फट पुसायची. पार्कात शॉवर असेल तर आम्ही तिकडेच जातो. टाक्या छोट्या, मोठ्या गाडीत आठवडा निघायचा, इथे दोन-तीन दिवसांत डम्प स्टेशन (सांडपाणी सोडायची जागा) गाठावं लागतं. भांडी घासायला एका बादलीत पाणी घेतो, नळ सोडून घासायची चैन विसरा. पण डम्प करायला दहा मिनिटं पुरतात आणि तो पाइप हाताळायचं काम नवऱ्याकडे आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही.

स्वयंपाक. ही जागा मराठी माणसासाठी महत्त्वाची. या जातीच्या बऱ्याच कॅम्परना आतून भिंतीला गालिच्यासारखं कापड चिकटवलेलं असतं, आवाज आणि गारठा कमी व्हावा म्हणून, आमच्यातही आहे. त्यात लसणाची फोडणी द्या आणि मग पुढच्या ट्रिपला दार उघडल्यावर वास घ्या. आता नियम केलाय, आत फक्त चहा, खिचडी आणि गरम करणं. फोडणी, मासे, मिरचीचा ठेचा सगळं बाहेर पिकनिक टेबलवर, छोट्या गॅसवर. कुकरही बाहेरच, आत एक शिट्टी झाली की खिडक्यांवरून पाणी ओघळतं. पोळ्या घरून करून आणते, आत लाटायला ओटाच नाही. फ्रिज 12 व्होल्ट, वीज आणि गॅस तिन्हीवर चालतो, पण गाडी लेव्हलला नसेल तर नीट गार होत नाही हे लक्षात ठेवा. विजेचं म्हणाल तर मोठ्या गाडीला 50 अँपिअरचं कनेक्शन होतं, इथे 30, म्हणजे सगळं मिळून 3,600 वॉट. एसी चालू असताना इंडक्शन लावलं आणि वर केटल लावली की ब्रेकर पडलाच.

एसीला मात्र पूर्ण मार्क. एवढीशी जागा, पाच मिनिटांत गार. थंडीत उलटं, दोघांच्या श्वासानेच आतून दव धरतं, म्हणून छतावरचा व्हेंट बोटभर उघडा ठेवून झोपायचं, कितीही गारठा असला तरी.

भांडण झालं तर जायला दुसरी खोली नाही हेही लिहून ठेवते. पावसाचे दोन दिवस सलग आत बसलो होतो तेव्हा नवऱ्याने मला पत्त्यात हरवलं आणि मी त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही, सहा फुटांवर बसून.

सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "अगं, आम्ही आलो की कुठे झोपायचं?" उत्तर नाहीये माझ्याकडे. पुढच्या वेळी ते आले की लॉज घेणार, हिशोब केला तर मोठ्या गाडीच्या स्टोरेजच्या भाड्यातच बसतंय ते.

घ्यायचा असेल तर सेकंडहँडच बघा, फक्त हे कॅम्पर स्वस्त मिळत नाहीत, दहा-बारा वर्षांचे झाले तरी मालक किंमत सोडत नाही आणि चांगला असला तर दोन दिवसांत जातो. बघायला जाल तेव्हा वरच्या चकाकीवर जाऊ नका, कवच सहसा ठीकच असतं. खाली वाकून दांड्याजवळची फ्रेम बघा, गंज किंवा वेल्डिंगला तडा आहे का. आत कोपऱ्याकोपऱ्यात पायाने दाबून जमीन बघा, ती लाकडाची असते, मऊ लागली तर पाणी मुरलंय. ॲक्सल रबराच्या टॉर्शनचा (स्प्रिंगऐवजी आत रबर असलेला) असेल तर त्याचं वय विचारा, तो थकला की दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो. टायरचे चार आकडे तुम्हाला आता माहीत आहेतच. आणि टेबल पाडून बेड स्वतः घालून बघा, दोघांनी त्यावर आडवं पडून बघा, एकाने उठून बाथरूमपर्यंत जाऊन या, मालक दारात उभा राहून बघत असला तरी.