बाकोलोदचं इनासाल: पा मागवा, पेचोच्या नादाला लागू नका

बाकोलोदमध्ये तीन दिवस होते आणि तिन्ही दिवस रात्री इनासालच जेवले, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा एवढा हक्क तर आहेच मला. फिलिपिन्सचं चिकन म्हटलं की लोकांना सोया सॉस-व्हिनेगरमध्ये शिजवलेलं अदोबो आठवतं, ते ठीकच आहे, पण कोळशावरचं चिकन खायचं असेल तर निग्रोस बेटावर या, निग्रोस ऑक्सिडेंटल प्रांताच्या राजधानीत म्हणजे बाकोलोदला, आणि इनासाल ना मानोक मागा. मानोक म्हणजे कोंबडी आणि इनासाल म्हणजे भाजलेलं, इथली भाषा हिलिगायनोन. हा शब्द घेऊन शेजारच्या सेबू बेटावर गेलात तर घोळ होईल हां, तिकडे इनासाल म्हटलं की अख्खं भाजलेलं डुक्कर समजतात.

पहिल्या रात्री मनोकन कंट्रीला गेले. नाव ऐकून मोठं रेस्टॉरंट वाटतं, तसं काही नाही, मॉलजवळ ओळीने इनासालचे गाळे, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि प्रत्येक गाळ्यासमोर एक बाई उभी राहून इकडे या इकडे या करत असते. (मी गेल्यानंतर ती जागा नव्याने बांधायचं म्हणून गाळे हलवलेत, तेव्हा जाण्याआधी आता कुठे बसतात ते स्थानिक माणसाला विचारा.) मी धूर जास्त होता तिथे बसले, एवढाच निकष.

शेगडीसमोरच टेबल मिळालं म्हणून सगळं नीट बघता आलं. चिकनचे मोठे तुकडे बांबूच्या कामटीत ओवलेले, आधीच मुरवलेले. मुरवण कसलं तर माडाच्या ताडीचा व्हिनेगर, कालामान्सी म्हणजे तिकडचं गोटीएवढं लिंबू, आलं, लसूण, मिरपूड आणि भरपूर गवती चहा, ज्याला ते तांगलाद म्हणतात. दादा एका हाताने पंख्याने कोळसा फुलवतोय आणि दुसऱ्या हाताने ब्रशने केशरी तेल लावतोय, उलटतोय, परत लावतोय, तेल निखाऱ्यावर ठिबकलं की भस्सकन धूर आणि तो धूर थेट माझ्या डोळ्यात. हे केशरी तेल म्हणजे शेंद्रीच्या बिया गरम तेलात किंवा मार्गरीनमध्ये टाकून काढलेला रंग, तिकडे आत्सुएते म्हणतात. शेंद्रीचं झाड मूळचं अमेरिकेतलं, स्पॅनिश लोकांच्या काळात इथे पोचलं. चव म्हणाल तर फार काही नाही तिला, पण ते तेल लागत राहतं म्हणून कातडी वाळत नाही, कडेला काळी पडते आणि मधे चकचकीत राहते.

ऑर्डर करायची पद्धत लक्षात ठेवा: पा म्हणजे तंगडी-मांडी, पेचो म्हणजे छातीचा भाग पंखासकट, पाकपाक म्हणजे नुसते पंख, आताय म्हणजे कलेजी, बाटिकोलोन म्हणजे पेटा, आणि इसोल म्हणजे कोंबडीचं बूड. हो बूड, तीन-चार एका काडीला.

मी पा घेतला. पहिला घास आंबट, मग गवती चहाचा वास नाकात, मग धूर. गोड अजिबात नाही, आणि हीच गंमत आहे, कारण निग्रोस म्हणजे फिलिपिन्सचं साखरेचं कोठार, शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, इथली फेमस पियाया ही चपटी पोळीसुद्धा आत काळपट कच्ची साखर भरून लाटलेली, पण चिकनच्या बाबतीत मात्र ही माणसं आंबटावर ठाम. त्याआधी मनिलात एका ठिकाणी इनासाल खाल्लं होतं ते सॉस फासल्यासारखं गुळमट होतं, नाव नाही घेत, पण तेव्हा मला वाटलं की इनासाल हे असंच असतं. बरं झालं इथवर आले.

सोबत लसणीचा भात घ्या, साधा नको. टेबलावर त्याच केशरी तेलाची बाटली असते, ती भातावर ओता, लाजू नका, शेजारचे सगळे ओतत होते. मग वाटीत स्वतःची चटणी बनवायची: सोया सॉस, कालामान्सी पिळायची, आणि सिनामाक. सिनामाक म्हणजे व्हिनेगरच्या बाटलीत ठासून भरलेल्या बारक्या मिरच्या, लसूण, आलं. मी पहिल्यांदा पाण्यासारखं ओतलं आणि डोळ्यातून धार लागली, समोरची मावशी हसत हसत पाणी घेऊन आली. हातानेच खायचं. माझ्यासारखीला कुणी सांगायची गरज नव्हती पण काही लोक प्लास्टिकचे हातमोजे घालून खातात, ते मला काही झेपलं नाही. पा, भात आणि कोल्ड्रिंक मिळून दोनशे पेसोच्या आसपास झाले, पोट गच्च.

आता तक्रार. दुसऱ्या रात्री शहरातच दुसरीकडे गेले आणि हौसेने पेचो मागवला. बाहेरून रंग सुंदर, आत भुसा. छातीचं मांस आंबटात जास्त वेळ राहिलं की असंच पिठूळ होतं, वर पा भाजायला लागतो तेवढाच वेळ विस्तवावर ठेवलं की उरलंसुरलं पाणीही जातं. पेचोवाले माझ्याशी भांडतील, त्यांना पंख मिळतो ना, पण मी सांगतेय, पा घ्या. पिचपिच्या थंड भाताबद्दल तर बोलतच नाही.

शेजारच्या पानाय बेटावरच्या इलोइलोच्या लोकांसमोर मात्र हे सगळं बाकोलोदचंच आहे असं म्हणू नका. मधे फक्त सामुद्रधुनी, भाषा एक, आणि इनासाल आमचंही म्हणणारे तिकडे पुष्कळ. शिवाय ज्या चेनमुळे अख्ख्या देशाला हा शब्द माहीत झाला ती मांग इनासाल २००३ साली सुरू झाली ती इलोइलोतच, पुढे २०१० मध्ये जॉलीबी या फिलिपिन्सच्या मोठ्या फास्टफूड कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला, भात हवा तेवढा या स्कीमने तिने माणसं जोडली. मी आपली दोन्हीकडे माना डोलावून आले, वादात पडून जेवण कशाला थंड करा.

तिसऱ्या रात्री परत पहिल्याच गाळ्यावर. दादाने ओळखलं, मी जेवढं शिकले होते तेवढं नामित गिद म्हणजे एकदम भारी असं म्हटलं तर खूश झाला आणि शेंद्रीच्या तेलाचा एक जादा हात मारला. इसोल मागितलं तर म्हणाला संपलं, सात वाजताच संपतं. तेव्हा इसोल हवं असेल तर सहाला जाऊन बसा, मला आठ वाजले होते.