मांजराच्या मानेतली नळी : पाच महिन्यांनंतर

जबड्याला तार घालायला मी लगेच हो म्हटलं. खाणं भरवण्यासाठी मानेतून नळी घालायला मात्र दोनदा नकार दिला. म्हणून हे बरंचसं त्या नळीबद्दलच.

गुंड्या चार वर्षांचा, घरातच राहणारा बोका. खिडकीची जाळी कोपऱ्यात सुटली होती आणि मी 'रविवारी बघू' करत राहिलो. तिसऱ्या मजल्यावरून पडला. पाय शाबूत, पण हनुवटी रक्ताळलेली आणि खालचे दोन सुळे वर-खाली झालेले. मांजराच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी जुळलेले असतात. आपटल्यावर हा सांधाच उकलतो. डॉक्टरांनी आधी छातीचा एक्स-रे काढला तेव्हा मी मनात चरफडलो. फुप्फुसाला मार असेल तर भूल देणंच धोक्याचं, हे नंतर समजलं.

तारेचं फार काही सांगण्यासारखं नाही. सुळ्यांच्या मागून वेढा, हनुवटीखाली पीळ, सात आठवड्यांनी काढली. वरच्या एका सुळ्याचं टोक मोडून आत गुलाबी ठिपका दिसत होता, म्हणजे नस उघडी. तो दात त्याच वेळी उपटला.

नळी मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत जाते. मला ते क्रूर वाटलं. पण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी चरबी यकृतात साठू लागते, आणि ते दुखणं जबड्यापेक्षा जिवावरचं. शिवाय दुखऱ्या तोंडात सिरिंज कोंबायची वेळ येत नाही. गुंड्याला नळीची सवय दोन दिवसांत झाली, मला आठवडा लागला.

पातळ केलेलं खाणं कोमट हवं, आणि एका वेळच्या खाण्याला पंधरा-वीस मिनिटं द्यायचीच. एकदा घाई केली, सगळं उलटून पडलं. आधी आणि नंतर नळीतून पाणी सोडायचं. चौथ्या दिवशी मी गोळीची जाडीभरडी पूड सोडली आणि नळी तुंबली. रात्री एक वाजता कोमट पाणी सिरिंजने हलकेच ढकल-ओढ करत बसलो. औषध पातळ मिळेल का, हे मी आधी विचारायला हवं होतं. वेदनेसाठी डॉक्टर देतील तेवढंच. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते.

तक्रार एकच. भोकाभोवतीची पट्टी रोज उघडून बघायची असते, हे मला कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी वास आला तेव्हा खाली ओल आणि लाली होती. साफसफाईने निवळलं.

नळी असतानाच तो बशीतलं मऊ खाणं चाटू लागला. अठराव्या दिवशी नळी काढली. भोकाला टाके घालत नाहीत, ते आपोआप बुजतं. आता कोरडं खाणंही कुडकुडवतो. जांभई देताना हनुवटी जराशी तिरकी दिसते, आणि नळीच्या जागचे केस उलट्या दिशेने उगवलेत.