साठ हजार रुपये: आधी ॲम्प की आधी स्पीकर?

भाच्याचा प्रश्न सरळ होता. "मामा, साठ हजार जमलेत. ॲम्प घेऊ की स्पीकर?" हडपसरला त्याचा दहा बाय चौदाचा हॉल आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका भिंतीला सोफा, समोर टीव्ही युनिट आणि त्याच्या खणांत कोंबलेले दोन छोटे स्पीकर. ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर, जुना जपानी, डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनेलमागे ४० वॅटचा, सेकंडहँड घेतलेला. दुकानदाराने त्याला सांगून ठेवलं होतं, "आधी ॲम्प बदला साहेब, मग हेच स्पीकर कसे उघडतात बघा."

मी म्हटलं, थांब जरा. हे वाक्य मीही एकदा ऐकलंय आणि त्याचे पैसे मोजलेत.

तेव्हा मी चाळीस हजारांचा ॲम्प आणला आणि स्पीकर तेच ठेवले. आठ दिवस चारचौघांना सांगत होतो की तानपुऱ्याची जवारी कशी मोकळी झालीये. नवव्या दिवशी बायकोने विचारलं, "यात नक्की बदललंय काय?" मग पैज लागली. मी डोळ्यांवर पंचा बांधून सोफ्यावर, ती मागे वायरी बदलायला. मल्टिमीटर लावून दोन्ही ॲम्पचा आवाज आधी सारखा करून घेतला होता, कारण एखादा डेसिबल (आवाजाचं माप) जास्त वाजणारा ॲम्प कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. दुकानातल्या निम्म्या डेमोंचं गुपित एवढंच असतं. दहा फेऱ्यांत माझी सहा उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पाच आली असती.

याचं कारण आकड्यांत आहे. धडधाकट ॲम्प मानवी कानाच्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत, अर्ध्या डेसिबलच्या आत सरळ चालतो आणि त्याची विकृती, म्हणजे मूळ आवाजात होणारा बिघाड, टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. स्पीकर मात्र यंत्र आहे. कोन (आतला शंकूसारखा पडदा) पुढे-मागे हलतो, खोका थरथरतो, खालचे आणि वरचे सूर वाजवणाऱ्या दोन ड्रायव्हरांच्या सांध्यावर गडबड होते. अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये बसला तर तो चांगला स्पीकर म्हणायचा, आणि मोठ्या आवाजात खर्जाकडे त्याची विकृती एक टक्का सहज ओलांडते. दोन ॲम्पमधला फरक शोधावा लागतो. दोन स्पीकरमधला स्वयंपाकघरातून कळतो.

आता वॅटचं बघू, कारण ॲम्पवर पैसे घालवायला लावतो तो हाच आकडा. आमच्या पिढीने टू-इन-वनवर '१२०० वॅट पीएमपीओ' असले फुगवलेल्या आकड्यांचे स्टिकर पाहिलेत, त्यामुळे ४० वॅट म्हटलं की अजूनही केविलवाणं वाटतं. हिशोब मात्र वेगळंच सांगतो. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर तेवढे वाजणारे) दोन स्पीकर, प्रत्येकाला एक वॅट, बसायची जागा अडीच मीटरवर: खोलीने परत केलेला आवाज धरून कानाशी साधारण ८४ डेसिबल पडतात. घरात आपण ७५च्या आसपास ऐकतो. त्याला लागतो वॅटचा आठवा हिस्सा. आता तबल्यावर जोरकस थाप पडली, आवाज क्षणभर २० डेसिबलने उसळला, तरी काम १२-१३ वॅटमध्ये भागतं. भाच्याच्या ४० वॅटमधले निम्म्याहून जास्त पडूनच आहेत.

आणि समजा त्याने ८० वॅटचा घेतला. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल जास्त, व्हॉल्यूमचा नॉब किंचित फिरवल्याइतके. तेच ३ डेसिबल ८६ऐवजी ८९चा स्पीकर निवडला की फुकट मिळतात. आवाज 'दुप्पट' वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट.

तर त्याच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली दुकानदाराची: पंचेचाळीस हजारांचा ॲम्प, स्पीकर तेच, उरलेले वायरींना. यात मिळतं काय? रिमोट, ब्लूटूथ, आतला डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या लाटेत रूपांतर करणारा भाग), वॉरंटी आणि समोरच्या पट्टीवर चमचमणारं ॲल्युमिनियम. यातलं काही फालतू नाही. रोज जागेवरून उठून आवाज कमी करणाऱ्याला रिमोटची किंमत विचारा. पण स्पीकर मुळातच खालचे ६०-७० हर्ट्झ गाळत असेल तर हा पैसा ते परत आणणार नाही.

दुसरी वाट: पन्नास हजार स्पीकरवर, ॲम्प आहे तोच, दहा हजार खोलीवर. माझं मत इकडे, आणि ते उघडपणे एकतर्फी आहे.

तिसरी, तीस-तीस. ही सगळ्यांना शहाणपणाची वाटते आणि मला सगळ्यात कमी पटते. तीस हजारांचा स्पीकर दोन वर्षांत पुन्हा बदलावासा वाटतो आणि जुन्याचे विकताना निम्मे येतात. दोन्ही वस्तू नसतील, शून्यापासून सुरुवात असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही मी स्पीकरकडे दोन वाटे आणि ॲम्पकडे एक वाटा ठेवीन.

दुसऱ्या वाटेला अपवाद आहेत आणि ते खरे आहेत. पहिला म्हणजे हट्टी स्पीकर. केफ कंपनीचा २०१२चा एलएस५० घ्या. सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल, पाटीवर ८ ओहम (विजेला होणारा रोध), पण काही सुरांवर तो ३.२ ओहमपर्यंत खाली येतो. ओहम उतरले की ॲम्पकडून करंट जास्त खेचला जातो, आणि स्वस्त ॲम्पची दमछाक तिथेच होते. याच्या दुसऱ्या टोकाला क्लिप्शचा आरपी-६००एम आहे. कंपनीच्या आकड्यानुसार ९६ डेसिबल. क्लिप्श एका वॅटमध्ये जेवढं वाजेल तेवढं वाजायला केफला बारा-तेरा वॅट लागतील. कंपनीच्या आकड्यातून चार डेसिबल फुगवटा म्हणून वजा केले तरी अंतर पाचपट उरतं. म्हणजे स्पीकर ठरल्याशिवाय ॲम्प पुरेल की नाही हे ठरतच नाही. खरेदीचा क्रम स्पीकरपासून सुरू करायचं माझं खरं कारण हे आहे.

इथे एनएडी ३०२० हा ॲम्प आठवतो. १९७८चा, कागदावर जेमतेम २० वॅटचा, पण कमी ओहमच्या स्पीकरांपुढेही न दमणारा, म्हणून त्याचं नाव अजून निघतं. वॅटचा आकडा एकटा काही सांगत नाही. ८ ओहमला ४५ आणि ४ ओहमला ७० देणारा ॲम्प हा दोन्हीकडे ५०-५० देणाऱ्यापेक्षा बहुधा दणकट असतो. डबा घेण्याआधी मागची पाटी वाचा.

दुसरा अपवाद आजारी ॲम्पचा. एक चॅनेल मधूनच जातो, गाणं नसतानाही हम्म येतो, तासाभरात हात लावू नये इतका तापतो. असं असेल तर आधी त्याचं बघा. तेही लगेच नवीन घेऊन नव्हे. व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. चॅनेल जाणं पुष्कळदा रिलेचं (आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचं) दुखणं असतं. चाळीस वर्षांच्या ॲम्पचे मोठे कॅपॅसिटर सुकलेले असू शकतात, पण तेही बदलता येतात.

तिसरा, मोठ्याने ऐकणारे. सरासरी ८५ डेसिबलला ऐकायचं आणि वर २० डेसिबलची उसळी सांभाळायची, तर त्याच स्पीकरला सव्वाशे वॅट लागतात. तिथे ४० वॅटचा ॲम्प क्लिप होतो, लाटेची शेंडी कापतो, आणि त्यातून तयार होणारी वरच्या पट्टीतली ऊर्जा ट्वीटरला, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या ड्रायव्हरला, जाळू शकते. शेजारी सहन करत असतील तर ॲम्पवर जरूर खर्च करा.

मात्र वॅट आता स्वस्त झालेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ चिपवर बांधलेले मुठीएवढे क्लास-डी ॲम्प ऑनलाइन मिळतात आणि ठीक वाजतात. जाहिरातीत '३०० वॅट गुणिले दोन' लिहिलेलं असतं. सोबतचा ॲडॉप्टर बघा: ३२ व्होल्ट, ५ ॲम्पिअर, म्हणजे १६० वॅट, दोन्ही चॅनेल मिळून. ८ ओहमला चॅनेलमागे ६० मिळाले तरी खूप. पण त्या पैशांत ६० खरे वॅट मिळत असतील तर चाळीस हजार ॲम्पवर घालायचा मुद्दाच पातळ होतो.

एक वाद जुना आहे, की दोन्ही सोडून आधी 'सोर्स', म्हणजे गाणं जिथून येतं ते यंत्र. ग्लासगोची लिन कंपनी १९७३पासून टर्नटेबल विकताना हेच सांगत आली. रेकॉर्डच्या खोबणीतून सुईने जे उचललं नाही ते पुढे कुठून येणार? तबकडीच्या बाबतीत हे पटतं. फोनमधून साधा डॅक लावून ऐकणाऱ्यासाठी ही अडचण काही हजारांत मिटते.

राहिले ते दहा हजार, आणि याच दहा हजारांवर भाच्याचा विश्वास सगळ्यात उशिरा बसला. त्याच्या हॉलचं गणित करून दाखवलं. चौदा फुटांची लांबी ४० हर्ट्झला घुमते, दहा फुटांची रुंदी ५६ला, आणि साडेनऊ फुटांची उंची ५९ला. शेवटची दोन एकमेकांना खेटून बसलेली, त्यामुळे तिथे आवाज ढिगाने साचतो आणि बेस गिटार असो की सिंथचा खालचा सूर, सगळं एकाच ढोलात बोलल्यासारखं येतं. यावर कुठलाही ॲम्प औषध नाही. स्पीकर टीव्ही युनिटच्या खणातून बाहेर काढले, मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे आणले, सोफा भिंतीपासून हातभर सरकवला. फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचे दोन स्टँड करून घेतले, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे, आणि पाइपात कोरडी वाळू भरली. टाइल्सवर जाड सतरंजी टाकली. वायर इलेक्ट्रिशियन वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची. पाच मीटरला तिचा येण्या-जाण्याचा रोध ओहमच्या पंधराव्या हिस्स्याएवढा होतो, त्यापुढे हजारो रुपये मीटरची वायर मला समजलेली नाही.

हे सगळं जुन्याच स्पीकरवर करून बघायला सांगितलं होतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्यानंतर तो ॲम्पचं नाव काढेनासा झाला.

नवे स्पीकर न घेता त्याने सेकंडहँड बघितले, कारण पन्नास हजारांत नव्यापेक्षा एक पायरी वरचं मिळतं. पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन चकरा झाल्या, मग एका संग्राहकाच्या घरी. तिथे मी एवढंच केलं: कोनच्या कडेला बोट हलकेच दाबलं. फोमची कड असेल तर काही वर्षांनी ती भुसा होऊन गळते, मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणखी लवकर. पहिल्या जोडीची कड बोटाला चिकटून आली. दुसरी रबराची होती, लवचिक. तीच घेतली, त्रेचाळीस हजारांना.

मध्येच न्यू जर्सीच्या चुलतभावाने ॲम्प बॅगेत टाकून आणायची तयारी दाखवली होती. मी मोडता घातला. तिकडचा डबा १२० व्होल्टचा; मागे व्होल्टेजचा स्विच नसेल तर आपल्या २३० व्होल्टला लावल्याक्षणी धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन, त्याची घरघर ऐकत, वॉरंटीशिवाय वापरण्यात बचत ती कसली?

गेल्या रविवारी त्याच्याकडे गेलो तेव्हा जुनी मैफल लावली होती. पेटीवाल्याचा भाता उघडताना होणारा श्वासासारखा आवाज त्याने मला हाताला धरून ऐकवला, त्याच त्या जपानी ॲम्पवर. सात हजार शिल्लक आहेत. त्यातले थोडे ॲम्पच्या सर्व्हिसिंगला जातील, कारण उजवा चॅनेल थंडीत सकाळी उशिरा जागा होतो.