वाचलेले आचरणात आणणारी रोजनिशी

स्वयंविकासाच्या पुस्तकांतले फारसे काही दिनक्रमात उतरत नाही, ही माझी जुनी खंत होती. म्हणून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून सवयींची नोंद ठेवण्यासाठी आखलेली एक रोजनिशी घेतली आणि ती चार महिने नेमाने वापरली. तिचे खरे बळ प्रत्येक पानावरच्या एका ओळीत आहे, जिथे नुसता संकल्प न लिहिता वेळ आणि जागाही लिहावी लागते. ‘रोज चालेन’ याऐवजी ‘सकाळचा चहा झाला, कप विसळला की चपला घालून बाहेर पडेन’ असे मी लिहिले, आणि चालणे खरोखरच अंगवळणी पडले. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘जर-तर’ योजना ती हीच.

मात्र ‘२१ दिवसांत सवय’ हा मुखपृष्ठावरचा दावा मला मान्य नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय रुळायला साधारण ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस असा बदलला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. रोजनिशी मात्र खाडा झाला की पहिल्या दिवसापासून मोजायला सांगते, आणि नवशिक्याची उमेद तिथेच खचते. ती सूचना मी खोडून टाकली. कागद जाड आहे, पण बांधणी तिसऱ्या महिन्यात सैल झाली.