गंगाबल ट्रेकच्या नावाखाली ४५,२०० रुपये गेले, पैसे भरण्याआधी हे वाचा

लिहू की नको करत इतके दिवस काढले कारण लाज वाटत होती. चौघांचे पैसे मी गोळा केलेले, बुकिंग मी केलेलं, "तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी माझ्यावर सोडा" हेही मीच म्हणालेले. पण परवा भाच्याने दाखवलं, तोच फोटो, तोच मजकूर, नवीन नावाचं पेज, आणि खाली लोक "प्राइस प्लीज" विचारतायत. मग राहवलं नाही.

२०२३ ची गोष्ट आहे. मी, माझी मैत्रीण, तिची बहीण आणि माझा भाचा. सात दिवसांचा काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेक करायचा होता पण तेवढी रजा कोणालाच नव्हती, म्हणून नारानाग गावावरून वर चढून गंगाबल आणि नुंदकोल, दोन्ही तळी बघून त्याच वाटेने खाली, चार दिवस. सप्टेंबरचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, गर्दी ओसरलेली असते, आणि नंतर थंडी वाढली की बरेचसे लोक ट्रेक बंदच करतात.

आता कोणी म्हणेल एवढी चौकशी न करता पैसे भरलेच कसे. तर चौकशी केली होती. मी काही नवखी नाही, कळसूबाई कितीदा झालंय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, सांदकफू केलंय. इतर चार ठिकाणी दहा ते बारा हजार सांगत होते, ह्या पेजवाल्याने माणशी ९,८०० सांगितले. पाच हजार म्हणाला असता तर मला लगेच संशय आला असता, आणि हे त्यालाही माहीत होतं. पेजवर शेकड्याने फोटो, खाली कौतुकाच्या कमेंटी. त्या कमेंटी करणाऱ्यांची प्रोफाइल उघडून बघा, मी नंतर बघितली, सगळी रिकामी.

आधी माणशी २,५०० प्रमाणे १०,००० अॅडव्हान्स भरला. मग फोन आला की वीस तारखेच्या आत सगळं भरलंत तर माणशी ४०० सूट, म्हणून उरलेल्या २९,२०० च्या जागी २७,६०० भरले. पहिले पैसे एका माणसाच्या नावावर गेले, दुसरे कुठल्यातरी मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाच्या नावावर. मी विचारलं, तो म्हणाला "अकाउंटंट का है मॅडम". पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर जे नाव येतं ना, ते वाचा, आणि ट्रेकवाल्याचं नाव नसेल तर तिथेच थांबा, मग तो काय वाट्टेल ते सांगू दे.

पण मला रात्री झोप लागत नाही ती ह्या पैशांमुळे नाही, २७ ऑगस्टच्या फोटोमुळे. रात्री साडेनऊला त्याने फोटो पाठवला, "कल का है मॅडम, हमारा बॅच अभी गंगाबल पे है". फोटोत दोन तळी वरून दिसतात, आभाळ निळंशार, ढगाचा एक ठिपका नाही, आणि एका तळ्याच्या काठाकाठाने बर्फाचे तुकडे तरंगतायत. मी दोन वर्षं त्या जागेचे फोटो बघत होते हो. गंगाबलच्या अगदी उशाशी हरमुख आहे, ५,१४२ मीटरचा डोंगर, काठावर उभं राहिलात तर दुसरं काही दिसतच नाही. ह्या फोटोत हरमुख नव्हता. आणि ऑगस्ट संपताना तळ्यात बर्फ कसा? तो जुलैच्या सुरुवातीला असतो. मी झूम करून करून बघितलं आणि त्याला विचारलं, "हरमुख किधर है?" त्याचं उत्तर आलं, "बादल में है मॅडम".

ढगाचा ठिपका नाही असं माझ्या डोळ्यांना दिसत होतं, आणि मी त्याला अंगठा पाठवला.

का? कारण ३७,६०० भरून झाले होते. रजा मंजूर झाली होती, विमानाची तिकिटं काढली होती, मैत्रिणीने नवीन बूट घेऊन घरात घालून चालायला सुरुवात केली होती. कोणत्या तोंडाने सांगणार की मला शंका येतेय? तो फोटो गंगाबलचा नव्हताच, विशनसर आणि किशनसर ही दुसरीच दोन तळी खिंडीतून दिसतात तो होता. तेव्हा शोधलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. निदान पुढचे तरी वाचले असते, कारण त्यानंतर २९ तारखेला टेंट आणि स्लीपिंग बॅगचं परत मिळणारं डिपॉझिट म्हणून ६,००० घेतले आणि ३१ ला रात्री परमिटचे म्हणून माणशी ४००, म्हणजे १,६००. टोटल ४५,२००.

अजून एक लक्षात ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. त्याने हे आधीच प्रेमाने समजावून सांगितलं होतं, "फोन नहीं लगेगा तो टेन्शन मत लेना". खरी गोष्ट सांगून माणूस गाफील करतात. २ सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता श्रीनगरच्या टूरिस्ट रिसेप्शन सेंटरला उभं राहायला सांगितलं होतं. आठ चाळीसला भाच्याच्या फोनवरून मेसेज केला, एक टिक. बाकीच्या ग्रुपच्या गाड्या भरून भरून निघून गेल्या, आम्ही साडेअकरापर्यंत सॅकवर बसून. चौघांत फक्त भाच्याचा फोन चालू होता, त्यावरून लावला तर स्विच ऑफ. शेवटी तोच म्हणाला, "मावशी, तो येत नाहीये".

आणि आता पोलीस. तिथल्या ठाण्यात गेलो तर पैसे तुमच्या गावातून गेलेत, तिकडे तक्रार करा. परत आल्यावर आमच्या चौकीत गेले तर घटना काश्मीरमध्ये घडली ना, मग तिकडेच करायला हवी होती. मी म्हटलं झिरो एफआयआर घ्या, हद्द कुठलीही असली तरी घेता येतो, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही कायदा शिकवू नका, आधी ऑनलाइन भरून या". ऑनलाइन भरलं, प्रिंट घेऊन गेले, साहेब बंदोबस्ताला. परत गेले, प्रिंटवर शिक्का नाही. पाच खेटे घातले, शाळेतून अर्धा-अर्धा दिवस रजा टाकून, आणि पाचव्यांदा ऐकायला काय मिळालं तर "एवढी शिकलेली बाई आणि पैसे देऊन मोकळी?" फसवणारा मोकळा, आणि उलटतपासणी माझी. बँकेत तर अजून कहर, पिन तुम्हीच टाकलाय म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झालाय, आम्ही काय करणार. मग ज्या खात्यात पैसे गेले ते खातं उघडताना कागदपत्रं कोणी तपासली होती, हे विचारलं तर साहेबिणीने पुढचं टोकन पुकारलं. महिन्याभराने कळलं की एका खात्यात १,११२ रुपये गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. १,११२ रुपयांसाठी वकील लावू?

पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, चौकीत जायच्याही आधी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकले की संपलं. मी आधी दोन दिवस त्याच्याच नंबरवर फोन करत बसले. आणि व्हॉट्सअॅपचं चॅट रागाने डिलीट करू नका, माझ्या मैत्रिणीने केलं.

तिघांचे ३३,९०० मी त्यांना परत दिले. मैत्रीण नको म्हणत होती, पण तिची बहीण काही म्हणाली नाही, आणि तिचं बरोबरच आहे. विमानाचे गेले ते वेगळेच. आलोच आहोत म्हणून तीन तारखेला गाडी करून नारानागला गेलो, जुन्या देवळांचे अवशेष बघितले, ओढ्याचं पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. देवळांच्या मागून झाडीत वर चढत जाते ती गंगाबलची वाट. सामान लादलेली घोडी त्या वाटेने वर चालली होती. टेंट नाही, काही नाही, आम्ही खालूनच परत फिरलो.

आत्ता जे नवीन पेज सुरू आहे त्यावर फोटो तोच आहे, दोन तळी, काठाला बर्फ, खाली "गंगाबल" लिहिलंय. ह्या फोटोवर कोणी पैसे भरले असतील तर मला कळवा, माझ्याकडे चारही व्यवहारांचे नंबर आणि दोन्ही खात्यांची नावं लिहून ठेवलेली आहेत, एकत्र तक्रार करू.