घरी घासलेला आरसा तपासायला फूको की रोंकी?

दुर्बिणीच्या आरशाचं पॉलिश संपत आलंय, आता तपासणीचा स्टँड करायचाय. त्यावर ब्लेडचं पातं लावायचं (फूकोची चाचणी) की रेघांची जाळी (रोंकीची)? दोन्ही चाचण्या वक्रताकेंद्रापाशीच (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या मध्याशी) होतात, म्हणजे आरशापासून केंद्रांतराच्या (आरशापासून ताऱ्याची प्रतिमा पडते तिथपर्यंतच्या अंतराच्या) दुप्पट लांब. दिवाही तोच चालतो. फरक पडतो तो डोळ्याला काय दिसतं यात.

रोंकीची जाळी (१९२३ पासूनची पद्धत) मिलिमीटरला चारेक रेघांची असते. ती डोळ्यासमोर धरली की आरशावर काळे पट्टे उमटतात. आरसा गोलीय असेल तर पट्टे सरळ. जाळी वक्रताकेंद्राच्या थोडी आत घेतल्यावर पट्ट्यांची टोकं कडेपाशी एकदम आतल्या बाजूला वळली, तर कड पडलीय, म्हणजे कडेची काच जास्तच खाली घासली गेलीय. नवख्यालाही हे पहिल्याच दिवशी ओळखता येतं. म्हणून पॉलिश चालू असताना मी जाळीच लावतो. कड पडलेली असताना अन्वस्ताच्या (दुर्बिणीच्या आरशाला शेवटी द्यायच्या पॅराबोला आकाराच्या) मागे लागूच नये. व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचे पॉलिशचे सरळ हात मारत आधी गोलावर परत यावं, कितीही वेळ लागो.

पण दोष किती आहे, हे जाळी सहजी सांगत नाही. ते काम फूकोच्या पात्याचं, १८५८ पासून. पातं परतणाऱ्या प्रकाशात सरकवलं की सावल्या पडतात आणि काचेवरचे उंचसखल भाग उठून दिसतात. एकदा अंगठा काचेवर अर्धा मिनिट टेकवून बघाच: त्या जागी स्पष्ट टेंगूळ दिसतं आणि काच निवेल तसं विरत जातं. हातांच्या उबेनं एवढं होतं, तर पॉलिशच्या उबेचं काय! निदान तासभर थांबल्याशिवाय घेतलेल्या मापावर काच घासू नका.

१५० मिमी व्यास आणि १२०० मिमी केंद्रांतराच्या आरशाला अन्वस्त आकार द्यायचा, तर दिवा स्थिर ठेवून मध्य आणि कड यांच्या मापांत (तो भाग एकसारखा काळवंडतो तेव्हा पातं कुठे आहे, त्या मापांत) २.३४ मिमी फरक यायला हवा. दिवा पात्याबरोबर सरकत असेल तर याच्या निम्मा. खिडक्यांचा मास्क (आरशाचे मध्यापासून कडेपर्यंतचे ठरावीक भागच उघडे ठेवणारं झाकण) लावून प्रत्येक भागाचं माप तीनदा घ्या, सरासरी काढा. फरक कमी भरला तर आरसा वर आणि पॉलिशचं हत्यार खाली ठेवून डब्ल्यूच्या आकारात लांब हात मारा, पाचच मिनिटं, आणि पुन्हा मोजा. जास्त भरला तर परत आखूड हात.

एकच करायचं असेल, तर एफ/८ (केंद्रांतर व्यासाच्या आठपट) किंवा त्याहून लांब आरशाला रोंकी बहुतेक पुरते. एफ/५ ला मात्र फूको आणि मास्कच हवा.