हातकागद संस्थेचा कागद: कव्हरला डोळे मिटून, आतल्या पानांना जपून

आमचं प्रकाशन म्हणजे दोन माणसं, एक जेवणाचं टेबल आणि पलंगाखाली सरकवलेले पुठ्ठे. आवृत्ती छोटी, शिवण घरीच. पुढच्या आठवड्यात उपयोजित कलेच्या मुलांसमोर ‘पुस्तक कसं घडतं’ यावर बोलायचंय. मी स्लाइड करून ठेवल्या होत्या. भागीदारणीने त्या पाहिल्या आणि म्हणाली, “अगं, यात हातात घेण्यासारखं काय आहे?” तेव्हा पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावर हातकागद संस्था गाठली आणि कागद घेऊन आले. हा अभिप्राय त्या कागदाचा.

ज्यांच्या नावाचा रस्ता, त्याच जोशींनी १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने ही संस्था उभी केली. कागद सुती चिंध्यांचा, लाकडाचा नाही. सुताचे तंतू लांब असतात, म्हणून तो चिवट असतो आणि वर्तमानपत्रासारखा चटकन पिवळा पडत नाही. विक्री विभागात पाकिटं, डायऱ्या, भेटकार्डंही मिळतात. लग्नसराईतली गर्दी बहुधा त्यासाठीच. आपण सरळ सुट्या कागदांकडे वळायचं, आणि निवडताना प्रत्येक कागद उजेडासमोर धरायचा. लगदा कुठे दाट, कुठे विरळ बसलाय ते दिसतं. हातकागदात एवढा फरक असणारच. तो नको असेल तर मॅपलिथो, म्हणजे मशीनवर बनणारा छपाईचा गुळगुळीत कागद, आहेच.

मुलांना दाखवायची पहिली गोष्ट म्हणजे ग्रेन. मशीनच्या कागदाचे तंतू एका दिशेने लागलेले असतात. ती दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर नसली, तर पान उलटताना अडून बसतं आणि गोंद लागला की लाटा येतात. ओळखायला छोटा तुकडा एका बाजूने ओला करायचा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो, ती ग्रेनची दिशा. साच्यात हलवून उचललेल्या हातकागदाला अशी ठळक दिशाच नसते, त्यामुळे आडवा-उभा कसाही घ्या. मशीनचा आणि हातचा, असे दोन तुकडे शेजारी ठेवून ओले केले की अर्ध्या तासाची बडबड वाचते.

दुसरी गोष्ट फाडण्याची, आणि ती मला स्वतःला भारी आवडते. कटरने कापला की या कागदाची कड बोडकी दिसते. त्यापेक्षा घडी घाला, हाडाच्या पट्टीने दाबा, उलगडा, घडीच्या रेषेवरून ओला ब्रश दोनदा फिरवा, मिनिटभर थांबा आणि दोन्ही हातांनी हलकेच बाजूला ओढा. तंतू सुटत जातात आणि मूळ कडेशी मिळतीजुळती झिरमिळ्यांची कड मिळते. घाई केली तर मात्र वेडंवाकडं फाटतं.

आता छपाई. इथे मुलांचा हिरमोड होणार, आणि तो आधीच झालेला बरा. जाड, खरबरीत हातकागद लेझर प्रिंटरमध्ये अडकतो. आम्ही ज्या डिजिटल छपाईवाल्याकडे जातो, त्याने नुसतं बोट लावलं आणि “ताई, ड्रमची वाट लागेल” म्हणून परत दिला. इंकजेटवर, कागदाला खळ (शाई फार शोषली जाऊ नये म्हणून दिलेली) कमी असेल तर, बारीक अक्षरं पसरतात. स्क्रीन प्रिंटिंग, लिनोकट (लिनोलियमवर कोरलेल्या ठशाची छपाई), खिळ्यांची म्हणजे जुळवलेल्या धातूच्या अक्षरांची छपाई यांना हा कागद छान साथ देतो. चेन्नईच्या तारा बुक्सचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ आम्ही सोबत नेणार आहोत. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडं, काळ्या हातकागदावर स्क्रीन प्रिंटने छापलेली, शिवणसुद्धा हाताची. पानावरून बोट फिरवलं की शाईचा थर लागतो.

म्हणून माझा सल्ला: आतली पानं साध्या कागदाची ठेवा, हातकागद कव्हरला आणि कव्हरच्या आतल्या अस्तराला वापरा. खर्चही आटोक्यात राहतो. पातळ कागदाचा, एकात एक घातलेल्या चार-चार घड्यांचा जुडगा दाभणाने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवला तर उत्तम बसतो. जाड कागदाच्या दोनच घड्या घ्या, नाहीतर घडीची बाजू फुगते. पिनबांधणीच्या भानगडीत पडू नका, पिना गंजल्या की लालसर डाग कव्हरवर उतरतात.

भाव लिहीत नाही, ते बदलत राहतात. पण एका लॉटचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळेलच असं हातकागदात नसतं. तेव्हा आख्ख्या आवृत्तीचा कागद एकदमच घ्या, वर चार-पाच जास्तीचे. आणि नेताना गुंडाळून न्या. रिक्षात घडी पडली की ती इस्त्रीनेही जात नाही.